अक्षता पडल्या, फ्लॅश पडलाच नाही!

गेल्या वैशाखात अहमदपुरातल्या एका मंगल कार्यालयात आमच्या भाचीचे लग्न लागले. वर तापलेला पत्रा, मागे सताड उघडी दारे, त्यांतून आत घुसणारा पांढरा उजेड आणि मांडवात पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. शेवटचे ‘शुभमंगल सावधान’ झाले, अंतरपाट खाली आला, वाजंत्री उसळली, अक्षतांचा पाऊस पडला. या एका क्षणासाठी ज्याला दोन महिने आधी इसार दिला होता तो फोटोग्राफर स्टुलावर उभा राहून बटण दाबतच राहिला. फ्लॅश पडला नाही. त्याने तो हलवला, दाबला, काढून रुमालाने पुसला, पुन्हा चढवला. पडला, पण तोवर हार घालून झाले होते. त्या अल्बमात भाचीचा चेहरा आजही मुंडावळ्यांखाली काळा ठिक्कर आहे.

पोराला सगळ्यांनी फैलावर घेतले. ठरलेल्या रकमेतून पैसे कापले. आम्हीही त्याला चार शब्द सुनावले. ते शब्द आज आम्ही याच जागेवरून, जाहीरपणे मागे घेत आहोत. गुन्हेगार तो नव्हता.

आठ दिवसांनी तो तोच फ्लॅश घेऊन आमच्या कचेरीत आला. त्याला घेऊन आम्ही दुरुस्तीच्या दुकानात गेलो. कारागिराने फ्लॅश उलटा केला आणि भिंग आमच्या हातात दिले. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत सरकवायचा, बोटाच्या पेरापेक्षा लहान असा तो चौकोनी पाय. त्याच्या तळाला पिना. त्यांतली एक आत दबून बसलेली, वर यायलाच तयार नाही. तिच्याभोवती पिवळट, चिकट थर. हळद! हळदीच्या कार्यक्रमात उडालेली हळद, वर घाम, वर धूळ, आणि त्याचा झालेला लेप. पायाच्या एका कोपऱ्यात केसाएवढा तडा. पाय प्लॅस्टिकचा. चार स्क्रू काढले की तो सुटा होतो, आतल्या चार-पाच तारा डाग सोडवून काढता येतात, नवा पाय बसवायला अर्धा तास पुरे. ‘मग बसवा की!’ आम्ही म्हणालो. कारागीर म्हणाला, ‘पाय सुटा मिळत नाही, दादा. ते म्हणतात, अख्खा फ्लॅश पाठवा. खर्च नव्याच्या जवळ जातो.’

आम्ही सुन्न झालो आणि मग संतापलो. काही हजारांचे यंत्र, त्याच्यावर एका घराची चूल, आणि ते कोसळते कशावर? चार स्क्रूंच्या एका प्लॅस्टिकच्या तुकड्यावर!

हा सांधा नेमका काय आहे, हे वाचकांनी समजून घेतलेच पाहिजे, कारण समजत नाही तोवर लुटले जाणे थांबत नाही. फोटोग्राफर ज्याला हॉट शू म्हणतात ती खाच म्हणजे दोन कडा आणि मध्ये एक गोल ठिपका. कडा म्हणजे विजेचा एक ध्रुव, ठिपका म्हणजे दुसरा. शटर पूर्ण उघडले की कॅमेरा त्या दोघांना आतून जोडतो आणि फ्लॅश पेटतो. इतकेच! आपल्या घरच्या दारावरची घंटा याहून वेगळी नसते. 1938 मध्ये अमेरिकेतल्या युनिव्हेक्स मर्क्युरी नावाच्या कॅमेऱ्यावर अशी विजेची खाच आली. पुढे जगाने तिचे माप ठरवले. ज्या जागतिक मानक संस्थेच्या नावाने फोटोग्राफर रोज कॅमेऱ्याचा आयएसओ कमी-जास्त करतो, तिच्याच 518 क्रमांकाच्या मानकात या खाचेची मापे दिलेली आहेत. रुंदी साडेअठरा मिलिमीटरच्या किंचित वर, ठिपका मधोमध. कोणाचाही फ्लॅश, कोणाचाही कॅमेरा. सरकवा आणि बटण दाबा. हे माप कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. ते सगळ्यांचे आहे.

आणि सगळ्यांच्या या मापावरच कंपन्यांनी हात टाकला.

1988 मध्ये मिनोल्टाने आपल्या नव्या कॅमेऱ्यांवर वेगळ्याच घडणीची खाच आणली. बटण दाबले की फ्लॅश झटकन सुटावा, नीट अडकून बसावा, ही तिची सोय खरी होती. ती आम्ही नाकारत नाही. पण त्या खाचेत जगातला दुसरा कोणताही फ्लॅश जाईना, आणि तो फ्लॅश दुसऱ्या कोणत्याही कॅमेऱ्यावर चढेना. 2006 मध्ये तो कॅमेऱ्यांचा धंदा सोनीकडे गेला, खाचही गेली. अखेर 2012 मध्ये सोनीने ती सोडली आणि जगाच्या मापात बसणारी नवी खाच आणली. चोवीस वर्षे! चोवीस वर्षांनी ज्या मापावर परत यायचे होते, ते सोडले कशासाठी? आणि त्या चोवीस वर्षांत ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन त्या खाचेचे फ्लॅश घेतले, त्यांच्या हाती काय आले? मध्ये बसवायचा एक जोडतुकडा, तोही विकत!

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट अलीकडची आहे. 2018 मध्ये कॅननचे 1500डी आणि 3000डी हे कॅमेरे भारताच्या बाजारात आले, पुढच्या वर्षी 200डी मार्क टू आला. हे श्रीमंतांचे कॅमेरे नव्हेत. अहमदपूर, चाकूर, कंधार, लोहा इथला नवशिका पोरगा पतसंस्थेचे कर्ज काढून जो पहिला कॅमेरा घेतो, त्या किमतीचे हे कॅमेरे. त्यांच्या खाचेत मधला ठिपकाच नाही! जो ठिपका पिढ्यानपिढ्या प्रत्येक फ्लॅशला आणि दुरून फ्लॅश पेटवणाऱ्या प्रत्येक ट्रिगरला पेटवत आला, तो काढून टाकला. कंपनीचा स्वतःचा फ्लॅश बाकीच्या पिनांवरून पेटतो. उस्तादाने आशीर्वादासोबत दिलेला जुना फ्लॅश मात्र त्या खाचेत मुका होतो. पुढे फ्लॅश बनवणाऱ्या काही दुसऱ्या कंपन्यांनी त्या बाकीच्या पिनांवरून वाट काढली, पण ज्याच्याकडे जुने सामान होते त्याने पुन्हा खिसा मोकळा केलाच. 2023 च्या आर50 वर तर नुसती नव्या पद्धतीची एकवीस बारीक पिनांची खाच आहे; जुना फ्लॅश चढवायचा तर वेगळा जोडतुकडा घ्या!

तांब्याच्या एका ठिपक्याला किती पैसे पडतात? महागड्या कॅमेऱ्यांवर तो आहे. मग गरिबाच्याच कॅमेऱ्यावरून तो का गेला? ज्याच्याजवळ कमी आहे त्याच्याच हातून आणखी काढून घेणे याला आमच्या भाषेत काटकसर म्हणत नाहीत.

कंपन्यांची बाजू आम्हाला ठाऊक आहे आणि तिच्यात तथ्य आहे तेवढे आम्ही मान्य करतो. जुन्या फ्लॅशच्या मधल्या पिनेवर केवढा दाब असतो याचा नेम नसतो. व्हिव्हिटार 283 सारख्या जुन्या, नावाजलेल्या फ्लॅशच्या पहिल्या घडणीत तो दोनशे व्होल्टच्या वर जातो. मानक सांगते चोवीस. असा फ्लॅश नाजूक कॅमेऱ्यावर चढवला तर कॅमेऱ्याचे आतले सर्किट जळू शकते. पण यावर उपाय ठिपका उपटून टाकण्याचा आहे काय? कितीतरी कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत अडीचशे व्होल्टपर्यंत चालेल असे स्पष्ट छापलेले असते. म्हणजे संरक्षण आत बसवता येते. ज्यांना बसवायचे असते ते बसवतात. आणि फ्लॅशच्या अंगावर त्याचे व्होल्ट ठसठशीत छापायला कोणी कोणाचा हात धरला आहे?

दुसरा युक्तिवाद प्लॅस्टिकच्या पायाचा. म्हणतात, पाय मऊ ठेवला तर आपटल्यावर तो तुटतो आणि महागडा कॅमेरा वाचतो. हा विचार आम्हाला पटतो! घरात फ्यूज असतो तो याचसाठी. पण फ्यूजची तार कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. फ्यूज उडाला म्हणून घर पाडून नवे बांधा, असे वीजमंडळ सांगत नाही. पाय तुटण्यासाठीच केला असेल, तर तो सुटा विका. लातुरात विका, नांदेडात विका, चार स्क्रूंसकट विका. तुटणारा भाग करायचा आणि तो विकायचा नाही, हा उघड उघड गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवे यंत्र मारण्याचा मार्ग आहे. आणि तसे नसेल, तर पाय धातूचा करा. कॅननने 2007 च्या 580ईएक्स मार्क टू वर धातूचा पाय आणि एका झटक्यात बसणारी कळ दिली. सोनीने 2020 च्या आसपास आपल्या नव्या फ्लॅशच्या पायाला धातूची भक्कम चौकट घातली. म्हणजे दोष त्यांना दिसत होता, उपाय ठाऊक होता आणि बाजारात तो आलाही. मग तो स्वस्त फ्लॅशपर्यंत का उतरत नाही?

चार सेल घातलेला फ्लॅश उचलून पाहा. सेलसह पाव-अर्धा किलोचे ते ओझे, वीतभर उंच, वर पुन्हा उजेड मऊ करणारी पांढरी टोपी. वरातीत फोटोग्राफर उलटा चालतो, त्याला धक्के बसतात, नाचणाऱ्याचा हात लागतो. वीतभर उंचीवर बसलेला प्रत्येक धक्का खालच्या त्या दोन पातळ कडांवर कितीतरी पटींनी उतरतो. आणि अजूनही स्वस्त फ्लॅशवर आवळायला काय असते? एक दातेरी चकती. वरातीच्या तिसऱ्या वळणावर ती सैल होते, पिन केसभर सरकते आणि फ्लॅश मुका. खाली एक पोलादी खुंटी खाचेतल्या छिद्रात उतरली आणि वरून कळ फिरवली की फ्लॅश जागचा हलत नाही. निकॉनच्या चांगल्या फ्लॅशवर हे वर्षानुवर्षे आहे. एका खुंटीचा प्रश्न आहे, संशोधनाचा नव्हे. खाचेच्या कडांवर काळा रंग फासण्याचा सोसही असाच. कडा म्हणजे अर्धे सर्किट; तिच्यावर रंगाचा थर दिला तर वीज जाणार कुठून? त्या पेटीच्या चित्रात देखण्या दिसतात, एवढाच त्याचा उपयोग.

फ्लॅशची जुनी तार जिथे खोचतात त्या गोल छिद्राचे तर बोलायलाच नको. प्रॉन्टर आणि कॉम्पुर या दोन जर्मन शटरांच्या नावांवरून त्याला पीसी म्हणतात, आणि तेव्हापासून आजतागायत ते खोचले तरी निसटते. चिमट्याने तारेचे टोक जरा दाबून काम चालवणे हेच फोटोग्राफरांच्या नशिबी आले. ट्रिगर आले, बिनतारी झाले, म्हणून हा प्रश्न मिटला असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. बिनतारी ट्रिगरही त्याच खाचेत बसतो!

आता आमच्या शेतकरी वाचकांना आम्ही एक गोष्ट विचारतो. तुमचा ट्रॅक्टर एका कंपनीचा. रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीचा. पेरणी यंत्र जवळच्याच वर्कशॉपात वेल्डिंग करून घेतलेले. तिन्ही जुळतात की नाही? खाली दोन लिंक, वर टॉप लिंक, तीन पिना, की झाले. सोयाबीनची पेरणी सुरू. हॅरी फर्ग्युसन नावाच्या एका आयरिश माणसाने ती तीन टोकांची जोडणी आणली, पुढे तिचीही मापे जगाने ठरवली, आयएसओ 730 हे ते मानक. त्यामुळे शेजारच्याचे औजार मागून आणता येते, भाड्याने आणता येते, वडिलांच्या काळातला नांगर नव्या ट्रॅक्टरला लावता येतो. उद्या एखाद्या ट्रॅक्टर कंपनीने टॉप लिंकचे भोक बुजवले आणि सांगितले, ‘आमचेच औजार घ्या,’ तर काय होईल? शिरूर ताजबंदच्या चौकात दुसऱ्या दिवशी रास्ता रोको होईल, आणि व्हायलाच पाहिजे!

मग फोटोग्राफरच्या औजाराचे भोक बुजवले तेव्हा कोण रस्त्यावर आले? कोणीही नाही. कारण फोटोग्राफर म्हणजे लग्नातला हौसेचा माणूस, असे आपण धरून चाललो. त्याचा कॅमेरा त्याची तिफण आहे हे आपल्या ध्यानातच आले नाही. खंडेनवमीला हा माणूस कॅमेऱ्याला आणि फ्लॅशला झेंडू वाहतो, ते काय हौसेपोटी? तिथ्या दाट असतात तेव्हा तो एका दिवसात दोन गावे करतो, आषाढ लागला की चार महिने हात बांधून बसतो. त्या मोजक्या तिथ्यांतली एक तिथी एका दबलेल्या पिनेपायी वाया गेली, तर भरपाई कोण देणार? मंगलाष्टके पुन्हा म्हणता येत नाहीत.

बाजार समितीत काट्यावर मुद्रा नसेल तर आडत्यावर कारवाई होते. 2009 चा वैधमापन कायदा त्यासाठीच आहे. मापात पाप ही आपल्याकडची जुनी आणि सगळ्यांना कळणारी शिवी आहे. ज्या खाचेचे माप जगाने ठरवले, ती बाहेरून तशीच दाखवायची आणि आतला ठिपका काढून टाकायचा, हे मापातले पाप नाही तर काय आहे? दिसायला खाच तीच, फ्लॅश सरकतो तसाच, आणि पेटत मात्र नाही. पेटीवर याचा एक ठळक शब्द नको?

सरकारला काही करता येत नाही, हे आम्ही ऐकून घेणार नाही. युरोपीय संघाने 2022 मध्ये कायदा केला आणि 28 डिसेंबर 2024 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या मोबाइलला, टॅबलेटला आणि डिजिटल कॅमेऱ्यालाही चार्जिंगसाठी एकच टाइप-सी छिद्र सक्तीचे केले. बड्या बड्या कंपन्यांनी कुरकुर केली आणि निमूट छिद्र बदलले. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही जानेवारी 2023 मध्ये टाइप-सीचे मानक जाहीर केले. आणि इथली गोष्ट तर आणखी सोपी आहे. डिजिटल कॅमेरा आपल्याकडे आधीच सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहे. नोंदणीशिवाय तो विकताच येत नाही. आज त्या नोंदणीत विजेच्या सुरक्षेची तपासणी होते. तिच्यासोबत एवढेच मागा, की ज्या कॅमेऱ्याला फ्लॅशची खाच आहे तिच्यात मानकाप्रमाणे मधला ठिपका असेल, आणि नसेल तर पेटीवर मराठीत, हिंदीत, इंग्रजीत मोठ्या अक्षरांत तसे छापलेले असेल. 2016 च्या मानक ब्युरो कायद्याच्या सोळाव्या कलमाने केंद्र सरकारला मानक सक्तीचे करण्याचा अधिकार दिलेला आहे. अधिकार आहे, यादी आहे, मानक आहे. नाही ती इच्छा! लातूर आणि नांदेडच्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा, अशी आमची जाहीर मागणी आहे.

24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची यंत्रे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे, वाहने असे चार वर्ग त्यात घेतले. फ्लॅश इलेक्ट्रॉनिक वस्तू नाही काय? मग प्रत्येक फ्लॅश-कंपनीने सुटा पाय, सुट्या पिना आणि तारांचा नकाशा तिथे मांडला पाहिजे, किमतीसकट. चार स्क्रू फिरवायला आमचे कारागीर समर्थ आहेत. त्यांच्या हातात भाग द्या.

आणि आता दोन शब्द आमच्या फोटोग्राफर बांधवांना. तुम्ही दर 19 ऑगस्टला छायाचित्र दिन साजरा करता, कॅमेऱ्याची पूजा करता, ज्येष्ठांना शाल-श्रीफळ देता. यंदा त्याच दिवशी आपापल्या तालुक्याच्या बैठकीत एक ठराव करा. ज्या कॅमेऱ्यात मधला ठिपका नाही तो आम्ही घेणार नाही आणि शिष्यालाही घेऊ देणार नाही. ज्या फ्लॅशचा सुटा पाय मिळत नाही तो आमच्या दुकानात येणार नाही. एकट्या अहमदपूरच्या ठरावाने कंपनी हलणार नाही हे खरे, पण मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्यातून तोच ठराव गेला तर विक्रेता दुसऱ्या दिवशी वर फोन लावतो. फसवणूक झाली असेल तर पावती जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार मोकळे आहे, आणि तक्रार लिहायला वकील लागतोच असे नाही.

तोवर स्वतःपुरते एवढे करा. हळदीच्या कार्यक्रमानंतर फ्लॅश उतरवा, पायाच्या पिना खोडरबराने हलक्या हाताने घासा, खाचेवर प्लॅस्टिकचे झाकण सरकवून ठेवा. फ्लॅश चढवताना आणि उतरवताना तो बंद असू द्या. पाय हलतो आहे असे वाटले तर तिथी येण्याआधी कारागिराकडे जा.

आमच्या भाचीचा फोटो घेणाऱ्या त्या पोराचे कापलेले पैसे आमच्या घराने त्याला परत दिले आहेत. नवा कॅमेरा घ्यायला तो येत्या दसऱ्याला लातूरला जाणार आहे. त्याला आम्ही सांगितले तेच सगळ्यांना सांगतो. दुकानात आपला जुना फ्लॅश सोबत न्या. नवा कॅमेरा हातात आला की आधी खाचेत मधला ठिपका बघा, मग फ्लॅश चढवा, बटण दाबा. पडला तर पैसे मोजा. नाही पडला तर पेटी तिथेच ठेवून या.